कडव्यांविना पालुपद : ‘द सिम्प्सन्स : रोड रेज’ ह्या खेळाची भाषिक चिकित्सा

१

खेळ हा हाताचा आणि नजरेचा व्यवहार आहे, वाणीचा नव्हे, अशी एक सर्वसाधारण समजूत आढळते. व्हिडिओ गेम ह्या प्रकाराकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेले नाही, ह्याचे एक कारण ही समजूत होय. परंतु ज्या खेळातील पात्रे अगोदरच दूरचित्रवाणीवर बोलून प्रसिद्धी पावलेली आहेत, आणि ज्यांची प्रसिद्धी मुख्यतः त्यांच्या बोलण्यावरच उभी आहे, असा खेळ समोर आला म्हणजे ही समजूत अपुरी पडते. तेथे पात्रांबरोबर त्यांची वाणीही एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेली जाते. अशा स्थलांतरात वाणीचे काय होते, तिच्यातील काय टिकते आणि काय गळून पडते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. आणि त्याचे उत्तर विनोदाच्या समीक्षेलाही उपयोगी पडण्यासारखे आहे.

‘द सिम्प्सन्स : रोड रेज’ हा असा एक खेळ. कॅनडातील व्हँकूव्हर येथील रॅडिकल एंटरटेनमेंट ह्या संस्थेने तो तयार केला, आणि २००१ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन २ ह्या यंत्रासाठी तो प्रथम बाजारात आला. एक्सबॉक्स व गेमक्यूब ह्या यंत्रांवरही तो लवकरच खेळावयास मिळू लागला. त्याची मूळ मालिका मॅट ग्रेनिंग ह्यांची. १९८७ मध्ये ‘द ट्रेसी उलमन शो’ ह्या कार्यक्रमातील छोट्या तुकड्यांच्या रूपाने ती जन्मली, आणि १७ डिसेंबर १९८९ पासून अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवर अर्ध्या तासाची स्वतंत्र व्यंगचित्र-मालिका म्हणून दिसू लागली. स्प्रिंगफील्ड नावाच्या कल्पित गावातील सिम्प्सन कुटुंब, म्हणजे होमर, मार्ज, बार्ट, लिसा व तान्ही मॅगी, आणि त्यांच्या भोवतालची दुकानदार, दारूवाला, धर्मगुरू, पोलीस अधिकारी इत्यादी माणसे, हा ह्या मालिकेचा संसार.

खेळाची कथा थोडक्यात अशी : अणुवीज-केंद्राचे धनाढ्य मालक बर्न्स हे गावाची सार्वजनिक वाहतूक विकत घेतात आणि रस्त्यावर किरणोत्सारी बसगाड्या आणतात. ती व्यवस्था परत विकत घेण्यासाठी दहा लक्ष डॉलर जमवावेत म्हणून गावकरी आपापल्या खाजगी गाड्या टॅक्सीसारख्या चालवू लागतात. खेळाडूने एक चालक निवडावयाचा, रस्त्यावर उभा असलेला उतारू गाडीत घ्यावयाचा, डोक्यावर तरंगणाऱ्या बाणाच्या दिशेने गाडी पिटाळावयाची, आणि ठरलेल्या वेळात त्याला इच्छित स्थळी पोचवून भाडे वसूल करावयाचे. पैसे साठतील त्या मानाने नवे चालक व गावाचे नवे भाग खुले होतात. ह्या चौकटीत मालिकेची वाणी कशी वावरते, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम मूळ मालिकेतील विनोदाचे स्वरूप ध्यानात घ्यावयास हवे. हा विनोद शब्दनिष्ठ दिसला तरी तो वस्तुतः प्रसंगनिष्ठ आहे. त्याचे एक उत्तम उदाहरण म्हणजे १९९३ च्या जानेवारीत प्रक्षेपित झालेला, कॉनन ओब्रायन ह्यांनी लिहिलेला मोनोरेलचा भाग. गावाच्या हाती अकस्मात मोठी रक्कम येते. रस्ते दुरुस्त करावेत असा मार्जचा साधा आग्रह असतो. परंतु लाइल लॅन्ली नावाचा एक गोडबोल्या ठक सभेत येतो आणि गाणे व नाच ह्यांच्या जोरावर साऱ्या गावाला मोनोरेल विकतो. ‘द म्युझिक मॅन’ ह्या १९५७ च्या अमेरिकन संगीतिकेचे हे विडंबन आहे. तेथे एक फिरता भामटा भोळ्या गावाला वाद्यवृंदाची स्वप्ने विकतो. येथे दुसरा भामटा तितक्याच भोळ्या गावाला रूळ विकतो. मूळ संगीतिका माहीत असणाऱ्याला हसू दुप्पट येते. माहीत नसणाऱ्यालाही सभा कशी फसते हे दिसतेच. म्हणजे शब्द, सूर, सभा, सभेची हाव आणि मार्जचा एकाकी विरोध हे सर्व एकत्र आल्यावरच उपहास सिद्ध होतो. त्यातील एखादे वाक्य उचलून बाजूला ठेवले, तर ते केवळ एका विक्रेत्याची जाहिरात उरेल.

ह्याहून लहान, परंतु भाषिक दृष्ट्या अधिक बोधप्रद असे उदाहरण म्हणजे होमरचा प्रसिद्ध उद्गार. काही फसले, डोके आपटले, स्वतःची चूक स्वतःच्या ध्यानात आली की होमर ‘डोह्’ असा एक आखूड, तुटक ध्वनी काढतो. मालिकेच्या संहितांत हा शब्द म्हणून लिहिला जात नसे. ‘त्रासिक हुंकार’ अशा अर्थाची एक कंसातील सूचना तेवढी असे. होमरचा आवाज देणारे नट डॅन कॅस्टेलानेटा ह्यांनी लॉरेल व हार्डी ह्यांच्या चित्रपटांतील जेम्स फिन्लेसन ह्या नटाचा लांबविलेला हुंकार घेऊन तो आखूड केला, आणि त्यातून हा उद्गार जन्मला. २००१ च्या जूनमध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने त्याची नोंद घेतली. ज्या वर्षी प्रस्तुत खेळ बाजारात आला त्याच वर्षी त्याच्या नायकाचा हुंकार कोशात शिरला, हा योगायोग लक्षणीय आहे.

मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा केवलप्रयोगी अव्ययाचा प्रकार होय. मोरो केशव दामले ह्यांच्यापासून आजतागायतच्या व्याकरणकारांनी ह्या वर्गाची चर्चा केलेली आहे, आणि वाक्यातील अन्य पदांशी ह्या शब्दांचा व्याकरणिक संबंध नसतो, हे त्याचे लक्षण सर्वपरिचित आहे. परंतु ह्या लक्षणाला एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे. केवलप्रयोगी अव्ययाचा वाक्याशी संबंध नसतो, म्हणूनच प्रसंगाशी त्याचा संबंध अधिक घट्ट असतो. ‘अरेरे’ हा शब्द एकटाच ऐकू आला, तर ऐकणारा तत्काळ मान वळवून काय घडले ते पाहतो. होमरच्या हुंकाराचेही तसेच आहे. त्याच्या आधी दोन मिनिटे होमरने जो बेत रचलेला असतो, त्याला जी सूचना मिळालेली असते व त्याने ती जशी झिडकारलेली असते, ते सर्व त्या एका ध्वनीत येऊन कोसळते. ध्वनी तोच असतो; प्रत्येक वेळी कोसळणारी इमारत मात्र निराळी असते.

येथे मराठी काव्यपरंपरेतील पालुपदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. अभंगात किंवा पदात पालुपद पुनःपुन्हा येते. परंतु ते कधीही केवळ पुनरुक्त होत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ते परतते तेव्हा त्या कडव्याचा अर्थ घेऊन परतते. कीर्तनकार तेच धृपद दहा वेळा आळवितो आणि श्रोत्यांना दहा वेळा निराळे काही ऐकू येते, ह्याचे रहस्य कडव्यांत आहे, धृपदात नव्हे. सिम्प्सन मालिकेतील ठेवणीतले उद्गार हे असे पालुपद आहेत. मालिकेचा एकेक भाग हे त्यांचे कडवे होय.

३

आता खेळाकडे वळावे. ‘रोड रेज’मध्ये मालिकेतील मूळ नटांचेच आवाज वापरलेले आहेत, त्यामुळे स्वरसाम्याच्या बाबतीत तक्रारीस जागा नाही. उतारू गाडीत बसताना काही बोलतो, वाटेत धक्का बसला की काही बोलतो, वेळेवर पोचला किंवा उशीर झाला की त्यानुसार काही बोलतो. चालकही अधूनमधून त्यात भर घालतो. ही वाक्ये सुटी घेतली तर त्यांतील पुष्कळशी खुसखुशीत आहेत. पहिल्या अर्ध्या तासात मालिकेचा चाहता खेळाडू मनापासून हसतो, आणि ओळखीच्या आवाजांनी भरलेल्या गावातून आपण स्वतः गाडी हाकीत आहोत ह्या कल्पनेने सुखावतो. मालिकेत ज्या गावाचा भूगोल प्रसंगानुसार बदलत असे, त्या गावाचे रस्ते येथे सलगपणे हिंडता येतात, हेही एक आकर्षणच. वेळेचे बंधन नसलेला ‘संडे ड्राइव्ह’ नावाचा एक प्रकार खेळात आहे, आणि नुसते गाव पाहावयाचे असेल त्याला तो आनंद देतो.

परंतु दुसऱ्या अर्ध्या तासापासून एक फरक जाणवू लागतो. तीच वाक्ये पुन्हा ऐकू येतात. पुनरुक्ती हा स्वतः दोष नव्हे, हे पालुपदाच्या उदाहरणावरून स्पष्टच आहे. दोष असा की, येथे पालुपद परतते, पण कडवे परतत नाही. वाक्य उच्चारले जाण्याची अट यांत्रिक आहे : गाडी आदळली, वेळ संपत आली, उतारू उतरला. अट पुरी झाली की ठेव्यातील एक वाक्य बाहेर पडते. खेळाडूच्या दृष्टीने त्या वाक्याचा अर्थ हळूहळू त्याच्या शब्दांत राहत नाही; तो ‘धक्का बसला’, ‘भाडे मिळाले’, ‘उशीर झाला’ इतकाच उरतो. जे काम घंटीने किंवा भोंग्याने झाले असते तेच काम वाक्य करू लागते. उक्तीचा संकेत होतो.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाच्या अर्थाचा निश्चय कशाने होतो हे सांगताना संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध इत्यादींबरोबर प्रकरण, औचित्य, देश, काल आणि स्वर ह्यांची गणना केलेली आहे. ती यादी ह्या खेळाला लावून पाहिली तर स्थिती स्पष्ट होते. देश आहे, कारण गाव हुबेहूब आहे. स्वर आहे, कारण नट तेच आहेत. कालाचीही एके ठिकाणी दखल घेतलेली आहे : यंत्रावरील दिनांक नाताळचा किंवा हॅलोवीनचा असेल तर एखादे पात्र त्या सणाच्या वेषात हजर होते. नाही ते प्रकरण, आणि प्रकरण नसल्यामुळे औचित्यही नाही. उतारू कोठून आला, त्याला त्या ठिकाणी का जावयाचे आहे, आणि ज्याच्या गाडीत तो बसला त्याच्याशी त्याचे काल काय घडले होते, ह्यांपैकी कशालाही चाळीस सेकंदांच्या भाड्यात स्थान नाही.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, खेळात शब्द पोकळ होणे हा खेळाचा धर्मच आहे. आपल्याकडील हुतूतूचे उदाहरण घेता येईल. चढाई करणारा गडी ‘हुतूतू’ हा शब्द एका दमात घोकतो. त्या शब्दाला अर्थ नाही, तो केवळ श्वास टिकल्याची खूण आहे, आणि त्यामुळे खेळाचे काहीच बिघडत नाही. आक्षेप बिनतोड वाटतो. परंतु त्यात एक गोष्ट नजरेआड होते. ‘हुतूतू’ हा शब्द खेळासाठीच जन्मला. त्याला खेळापूर्वी अर्थ नव्हता, म्हणून खेळात त्याने काही गमावले नाही. होमरच्या हुंकाराचे तसे नाही. तो अर्थ घेऊन आलेला आहे, आणि खेळाची विक्रीही त्या अर्थाच्या बळावरच झालेली आहे. अर्थाचे मोल घ्यावयाचे आणि हाती ध्वनी ठेवावयाचा, हा व्यवहार हुतूतूचा नव्हे.

४

प्रकरण हरपल्याचा परिणाम केवळ सुट्या वाक्यांपुरता मर्यादित नाही. खेळाच्या एकंदर घडणीतही तो दिसतो. ‘रोड रेज’चा ढाचा सेगा ह्या जपानी कंपनीच्या ‘क्रेझी टॅक्सी’ ह्या खेळावरून घेतलेला आहे. तो खेळ १९९९ मध्ये खेळगृहांतील यंत्रांवर आला, आणि २००० मध्ये ड्रीमकास्ट ह्या घरगुती यंत्रावर. उतारू घेणे, दिशादर्शक बाण, काट्याशी शर्यत, वेळेवर पोचविल्यास वाढीव वेळ, गाडी अंगावर येताच उड्या मारून बाजूला होणारे पादचारी, हे सर्व तेथे होते. ‘रोड रेज’ने शब्दकोश सिम्प्सन मालिकेचा घेतला आणि व्याकरण ‘क्रेझी टॅक्सी’चे घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

परक्याचे व्याकरण घेणे हा गुन्हा नव्हे. विडंबनकार नेहमीच ते करतो. आचार्य अत्रे ह्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये समकालीन कवींची वृत्ते, वळणे व लकबी घेतल्या, त्या त्यांच्याकडे बोट दाखविण्यासाठी. विडंबन आणि अनुकरण ह्यांतील भेद नेमका येथे आहे. विडंबनात मूळ कृती वाचकाच्या डोळ्यांसमोर उभी करावी लागते, कारण ती दिसली नाही तर हसू येत नाही. अनुकरणात मूळ कृती झाकावी लागते, कारण ती दिसली तर अनुकरणाचे मोल उतरते. मोनोरेलच्या भागात ‘द म्युझिक मॅन’ झाकलेला नाही. ‘रोड रेज’मध्ये ‘क्रेझी टॅक्सी’विषयी थट्टेचा भाव नाही. जी मालिका चित्रपट, राजकारण, जाहिराती, इतकेच नव्हे तर स्वतःची वाहिनी, ह्यांपैकी कोणालाही सोडीत नसे, त्या मालिकेच्या नावाने निघालेल्या खेळाने आपल्या मूळ नमुन्याची टर उडविण्याची संधी दवडावी, हे आश्चर्यकारक आहे.

संधी होती हे दाखविणे कठीण नाही. ‘क्रेझी टॅक्सी’त उतारूंची गंतव्यस्थाने म्हणून पिझ्झा हट, केएफसी अशा खऱ्या व्यापारी नावांची दुकाने होती, म्हणजे खेळाडू नकळत जाहिरातीच्या दारापर्यंत गाडी नेत असे. स्प्रिंगफील्डमधील दुकाने, मोचा दारूचा गुत्ता किंवा ‘क्विक-ई-मार्ट’, ही मुळात अशाच व्यापारी जगाची व्यंगचित्रे आहेत. जाहिरातीच्या जागी व्यंगचित्र ठेवले की आपोआप टीका निर्माण व्हावयास हवी होती. परंतु टीकेला पाहणारा डोळा लागतो, आणि काट्याशी शर्यत करणाऱ्याला दुकानाची पाटी वाचावयास सवड नसते. व्यंगचित्रेही मग केवळ गंतव्यस्थाने होतात, आणि मालिका स्वतःच स्वतःची जाहिरात करू लागते.

कथासूत्राबाबतही तेच. सार्वजनिक बस वाचविण्यासाठी गावातील प्रत्येकाने खाजगी गाडी बेफाम हाकावी, कुंपणे मोडावीत, पादचाऱ्यांना पळवावे, आणि हे सर्व लोकहित म्हणून करावे, ही कल्पना मोनोरेलच्या भागाइतकीच धारदार होऊ शकली असती. तिच्यात एका मोटारवेड्या समाजाचे संपूर्ण चित्र दडलेले आहे. खेळ ती प्रारंभी सांगतो, आणि पहिला उतारू गाडीत बसताच ती मागे पडते.

ह्या अनुकरणाचा शेवट न्यायालयात झाला. सेगा कंपनीला २००१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ६,२००,१३८ ह्या क्रमांकाचे पेटंट मिळालेले होते. फिरत्या वाहनाभोवती एक धोक्याचे क्षेत्र कल्पून त्यात आलेल्या पात्रांना बाजूला पळविण्याची पद्धत आणि दिशा दाखविण्याची पद्धत, अशा गोष्टी त्यात होत्या. त्याच्या आधारे २००३ च्या डिसेंबरात सेगाने फॉक्स, इलेक्ट्रॉनिक आर्ट्स व रॅडिकल ह्यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. दावा आपसांतील तडजोडीने मिटला. त्यामुळे खेळाच्या रचनेवर मालकी सांगता येते काय, ह्या प्रश्नाचा निवाडा त्या प्रकरणात झाला नाही. भाषेच्या अभ्यासकाला ह्या प्रश्नात विशेष गोडी वाटावी. शब्दकोशावर, म्हणजे पात्रांवर व त्यांच्या उद्गारांवर, फॉक्सची मालकी निर्विवाद होती. सेगाचा दावा व्याकरणाच्या एका नियमावर होता. बोलल्या जाणाऱ्या भाषेत असा दावा हास्यास्पद ठरेल, कारण क्रियापद वाक्याच्या अखेरीस ठेवण्याचा हक्क कोणी नोंदवून घेऊ शकत नाही. तथापि एवढे खरे की, विडंबनकाराला व्याकरण उसने घेताना जे नैतिक संरक्षण मिळते, ते अनुकरणकर्त्याला मिळत नाही.

५

आतापर्यंतच्या विवेचनात झालेली हानी ही विनोदाची होती. एका पात्राच्या बाबतीत मात्र ती माणसाची होते. क्विक-ई-मार्टचा चालक अपू नहासापीमापेटिलोन हा खेळातील चालकांपैकी एक आहे. त्याचे नाव सत्यजित राय ह्यांच्या चित्रत्रयीतील अपूवरून घेतलेले आहे. आडनाव मात्र कोणत्याही भारतीय भाषेच्या वर्णरचनेत बसत नाही, परक्या कानाला भारतीय आडनावे जशी लांबलचक ऐकू येतात तसे ते रचलेले आहे. त्याचा आवाज अमेरिकन नट हँक अझारिया ह्यांचा. त्या आवाजातील भारतीय हेल आणि गिऱ्हाइकाचे आभार मानून त्याला पुन्हा येण्याचे निमंत्रण देणारे त्याचे ठरलेले वाक्य, ह्या दोन गोष्टींवर त्याची ओळख उभी आहे.

मालिकेत ह्या पात्राला कधीच कडवे मिळाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९६ च्या मे महिन्यात प्रक्षेपित झालेल्या एका भागात गावातील परदेशी लोकांना हाकलण्याचा ठराव मतदानास येतो. अपू हा संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेला गृहस्थ. परंतु त्याच्याकडे कायदेशीर कागद नाहीत. तो खोटे कागद मिळवितो, अमेरिकन पोशाख चढवितो आणि आपला हेल टाकून अमेरिकन हेलात बोलू लागतो. त्या उसन्या स्वराने क्षणभर हसू येते, आणि लगेच त्यामागील दैन्य ध्यानात येते. आईबापांशी प्रतारणा केल्याच्या भावनेने तो स्वतःच खचतो, आणि अखेर नागरिकत्वाची परीक्षा देतो. यादवी युद्धाचे कारण विचारले असता तो अनेक पदरी उत्तर देऊ लागतो. अधिकाऱ्याला मात्र एका शब्दाचे उत्तर हवे असते. येथे हेल तोच आहे, परंतु तो ज्ञानी माणसाच्या तोंडी आहे, आणि हसू त्याच्यावर नसून त्याला थांबविणाऱ्यावर आहे. उच्चार हाच ह्या भागाचा विषय झालेला आहे. प्रकरण बदलले की स्वराचा अर्थ कसा उलटतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

‘रोड रेज’मध्ये ह्यांपैकी काहीही येऊ शकत नाही. गाडीत बसलेल्या अपूजवळ पदवी नाही, परीक्षा नाही, लाज नाही. आहे तो केवळ हेल. येथे ‘हुतूतू’शी तुलना आणखी एका कारणाने कोसळते. निरर्थक ध्वनी पोकळ झाला तर तो पोकळच राहतो. परंतु एखाद्या जनसमूहाची खूण वाहणारा ध्वनी प्रकरणापासून तुटला म्हणजे तो पोकळ होत नाही. बाकी सर्व गळून ती खूण तेवढी शिल्लक राहते. मग तो हेल ‘हा परका’ एवढेच सांगतो, आणि धक्क्यागणिक सांगत राहतो.

हा दोष खेळाने नव्याने निर्माण केला असे मात्र नाही. विनोदी नट हरी कोंडाबोलू ह्यांनी २०१७ मध्ये ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट काढला, तो मालिकेविषयी होता. अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलांना त्या हेलाने आणि त्या वाक्याने शाळेच्या आवारात चिडविले जाई, हा त्यातील मुख्य गाऱ्हाण्यांपैकी एक विषय. शाळेतील तो टवाळ मुलगा मालिकेतील कडवी आपल्यासोबत नेत नव्हता. तो पालुपद तेवढे नेत होता. म्हणजे खेळाने जे यंत्राच्या साहाय्याने केले, ते शाळेच्या आवाराने त्याआधीच केलेले होते, आणि मालिकेनेही अनेक भागांत अपूला केवळ दुकानाच्या गल्ल्यामागे उभे करून त्याची वाट करून दिली होती. २०२० च्या जानेवारीत अझारिया ह्यांनी ते पात्र सोडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये, गौरेतर पात्रांना गोऱ्या नटांचे आवाज यापुढे दिले जाणार नाहीत, असे मालिकेच्या चालकांनी जाहीर केले. ‘रोड रेज’च्या तबकड्यांत मात्र २००१ चा तो आवाज तसाच राहिला आहे.

६

ह्या सर्वावरून शर्यतीचा खेळ आणि प्रसंगनिष्ठ विनोद ह्यांचे मुळीच जमणार नाही, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो घाईचा ठरेल, आणि तो खोडून काढणारा पुरावा त्याच संस्थेने दिलेला आहे. २००३ च्या सप्टेंबरात रॅडिकलचा ‘द सिम्प्सन्स : हिट अँड रन’ हा खेळ प्रसिद्ध झाला. तो निव्वळ शर्यतीचा खेळ नव्हे. त्यात गाडीतून उतरून चालताही येते. परंतु त्यातील बहुसंख्य कामे गाडी हाकण्याचीच आहेत, म्हणून तुलना योग्य आहे. त्यात ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ह्या खेळाच्या धाटणीचे सरळसरळ विडंबन आहे, म्हणजे नमुना झाकलेला नाही. मालिकेच्या लेखकांनी त्याच्या लेखनात भाग घेतला. आणि मुख्य म्हणजे, त्यातील प्रत्येक कामाला आधी व नंतर संभाषण आहे : अमुक माणसाला अमुक ठिकाणी का जावयाचे, हे तेथे सांगितले जाते. कडवे परत आले, आणि पालुपदही जिवंत झाले.

अपूच्या बाबतीत हा फरक विशेष उठून दिसतो. ‘हिट अँड रन’च्या सात विभागांपैकी पाचवा त्याचा आहे. आपण ज्या बझ कोला नावाच्या पेयाची विक्री केली ते दूषित होते, हे कळल्याने त्याला अपराधी वाटते, आणि ते गावात कोण आणतो ह्याचा शोध घेण्यासाठी तो गाडी काढतो. ह्या अपूचा हेल तोच आहे, आणि हेलाविषयीचे आक्षेप त्याने नाहीसे होत नाहीत. परंतु त्याच्या बोलण्यामागे एक हेतू आहे, आणि तो हेतू नीतीचा आहे. ज्या दुकानदाराची ओळख विक्रीच्या वाक्याशी जोडलेली होती, तो येथे आपल्याच विक्रीचा पश्चात्ताप करतो. दोन वर्षांच्या अंतराने, त्याच कारागिरांनी, त्याच गावात केलेला हा बदल पाहता, यंत्राची मर्यादा हे ‘रोड रेज’च्या उणिवेचे पुरेसे कारण नव्हे, हे मान्य करावे लागते.

७

तात्पर्य, ‘रोड रेज’ हा वाईट खेळ आहे असे येथे प्रतिपादन नाही. हाताला आणि नजरेला तो पुरेसा गुंतवितो, आणि मूळ मालिकेवरील प्रेमाने खेळणाऱ्याला काही काळ आनंदही देतो. त्याचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. एका माध्यमातील वाणी दुसऱ्यात नेताना सर्वांत सोपे काय आणि सर्वांत कठीण काय, हे तो प्रयोगासारखे स्पष्ट करून दाखवितो. आवाज नेणे सोपे आहे, लकबी नेणे सोपे आहे, गाव नेणेही फारसे अवघड नाही. कठीण आहे ते प्रकरण नेणे. आणि प्रकरण मागे राहिले, तर विडंबनाचे अनुकरण होते, उक्तीचा संकेत होतो, आणि माणसाची खूण उरते.

मालिका, चित्रपट, नाटके ह्यांतील ठेवणीतली वाक्ये आज खेळांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत; ती सुटी होऊन सर्वत्र फिरत असतात, आणि प्रत्येक वेळी कडवे कोठेतरी मागे सोडून येतात. अशा वाक्याचा विचार करताना ते कोणाचे आहे एवढेच विचारून भागणार नाही. ते कशानंतर उच्चारले गेले होते, हेही विचारावे लागेल. भर्तृहरीच्या यादीत स्वराला स्थान आहे. पण स्वर हा त्या यादीतील अनेकांपैकी एक आहे, ह्याचे विस्मरण होऊ नये.